बाईंच्या जागी

अडेल मॉन्टरेच्या चेहऱ्याबद्दल जगाने इतकं लिहून ठेवलंय की त्यात भर घालायची सोय राहिलेली नाही. पण त्या चेहऱ्यावर उजेड कसा पडायचा, हे कोणी लिहिलेलं नाही. आणि तो उजेड ज्या बाईच्या पायांच्या जिवावर पडायचा, तिचं नाव तर कुठल्याच सिनेमाच्या श्रेयनामावलीत आलं नाही. तिचं नाव बर्निस टोलिव्हर. लॉब स्टुडिओत सतरा वर्षं तिचं काम एकच. सकाळी जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर अडेल मॉन्टरेच्या जागी उभं राहायचं. कॅमेरावाला आणि दिवेवाले दीड-दोन तास दिवे वरखाली करत राहायचे. हनुवटी वर म्हणाले की वर करायची, डावीकडे म्हणाले की डावीकडे बघायचं, आणि सगळं जमलं की मुकाट्याने बाजूला व्हायचं. मग बाई यायच्या आणि त्या खुणेवर पाय ठेवायच्या.

स्टुडिओत सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. मालक हर्शल लॉबसुद्धा. तोंडावर 'लाडके अडेल' आणि पाठीमागे 'बाई'.

बर्निसला हे काम मिळालं ते उंचीमुळे. तीच उंची, तेच खांदे, केसांचा तोच मधासारखा रंग. एकदा बाईंच्या दुसऱ्या नवऱ्याने मागून येऊन बर्निसच्याच कमरेत हात घातला होता. ती बिचारी लाजून अर्धी झाली. बाई लांबून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "राहू दे गं बर्नी, तेवढीच मला सुट्टी." समोरून मात्र दोघींतला फरक कळायला चष्मा लागत नसे. बर्निसचं तोंड चारचौघींसारखं होतं, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. रोज सकाळी दोन तास त्या उजेडात उभं राहायला मिळतंय, हेच तिला पुष्कळ होतं.

बाईंचं मूळ नाव हॅटी स्क्रॉग्ज. नेब्रास्कातल्या एका गावात बाप धान्याच्या कोठारावर पोती उचलायचा आणि ही पोरगी स्टेशनाजवळच्या खाणावळीत कॉफी आणि सफरचंदाची पेस्ट्री वाढायची. बाविसाव्या वर्षी एक पेटी घेऊन हॉलिवूडला आली. स्टुडिओने आधी नाव बदललं, मग भुवया काढल्या, कपाळावरचे केस विजेच्या सुईने जाळून कपाळ मोठं केलं, दोन दात बसवले, बोलणं शिकवायला मास्तरीण ठेवली आणि शेवटी वर्तमानपत्रांत छापून आणलं की ही एका फ्रेंच सरदाराची नात आहे. बर्निसने एकदा धीर करून विचारलं होतं, की बाई, हे सगळं खोटं तुम्हाला खपतं कसं? बाई म्हणाल्या, की मी स्वतः कधीच खोटं बोलत नाही, फक्त टाळ्या वाजत असल्या तर थांबवत नाही.

पण नुसत्या भुवया काढून कोणी अडेल मॉन्टरे होत नाही. तसं असतं तर हॉलिवूडच्या प्रत्येक उपाहारगृहात दहा-दहा बसलेल्या असत्या. बाई पहाटे पाचला स्टुडिओच्या फाटकातून आत यायच्या. बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात तोंड बुडवायच्या, वर काढायच्या, पुन्हा बुडवायच्या. स्वतःचे संवाद पाठ, समोरच्याचेही पाठ. अंगात सणसणून ताप असताना एका जिन्यावरून त्या नाचत नाचत एकोणचाळीस वेळा उतरल्या, कारण दिग्दर्शकाला एकोणचाळिसावी उतरण हवी होती. युद्धात सरकारी रोखे विकायला त्या एकतीस शहरं फिरल्या, तेव्हा फोटोवाले मागे होते. पण शनिवारी सैनिकांच्या खाणावळीत त्या ताटं विसळायच्या, तेव्हा मागे कोणी नसायचं. बर्निसला ते ठाऊक होतं, कारण शेजारी उभी राहून ती ताटं पुसायची. सेटवर जेवणाची सुट्टी लांबली तर बाई सरळ खुर्चीत बसून जाहीर करायच्या, की मला भूक लागलीय, माझा चेहरा आता मिळायचा नाही. त्यांना भूकबिक काही नसायची. शिडीवरच्या दिवेवाल्यांना असायची.

आणि त्यांना उजेड कळायचा. डोळे मिटून, नुसत्या गालाला लागणाऱ्या उबेवरून त्या सांगायच्या, की डावा दिवा हातभर मागे गेलाय. कॅमेऱ्यामागे तेव्हा ऑटो क्रेम्स असे, व्हिएन्नाचा म्हातारा, तिरसट, पण हातात जादू. सगळे दिवे लागले, बाई खुणेवर उभ्या राहिल्या, की ऑटो कोणालाही हात लावू न देता स्वतः शिडी चढायचा. समोरचा मोठा दिवा थोडासा वर उचलायचा, त्याच्या पुढ्यात सावलीसाठी बांधलेली काळी फळीही तेवढीच वर घ्यायचा आणि खाली उतरायचा. रोज. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही. सेटवरचे लोक त्याला 'ऑटोची प्रार्थना' म्हणायचे, आणि ती चालू असताना कोणी बोलत नसे. बाई मान किंचित वर करून उभ्या असायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पहाट व्हायची.

या प्रार्थनेतलं खरं फक्त दोघांना ठाऊक होतं, ऑटोला आणि बर्निसला.

सहा वर्षांपूर्वी बर्निसच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या बुडाशी हाड वाढलं. तीन इंची टाचा घालून दोन तास उभं राहायचं म्हणजे निखाऱ्यावर उभं राहणं. एकदा दिवे लावताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते ऑटोने कॅमेऱ्यातून पाहिलं. तो जवळ आला आणि हनुवटी सरळ करायच्या निमित्ताने हळूच म्हणाला, "काढून टाक ते बूट. झगा जमिनीपर्यंत आहे, कोण बघतंय? तीन इंच मी मागाहून चढवीन." तेव्हापासून बर्निस झग्याखाली अनवाणी उभी राहायची आणि बाई आल्या की ऑटो तीन इंच चढवायचा. दोघांनी कोणाला सांगितलं नाही. उंची गेली तर बर्निसकडे उरत होतं काय? तेवढ्या उंचीच्या तीस पोरी रोज सकाळी फाटकाबाहेर उभ्या असायच्या.

सत्तेचाळीसच्या शेवटी ऑटो निवृत्त होऊन आपल्या लिंबांच्या बागेत राहायला गेला. त्याच वर्षी बाईंचे लागोपाठ तीन सिनेमे पडले.

हॉलिवूड हे गाव असं आहे, की पहिला सिनेमा पडला की लोक दिग्दर्शकाला शिव्या देतात, दुसरा पडला की हवेला देतात, आणि तिसरा पडला की आपल्या ओळखीच्या माणसाचं वय मोजायला बसतात. स्टुडिओच्या कागदांवर बाई सदतीस वर्षांच्या होत्या. लॉबने तो आकडा स्वतःच ठरवला होता, तरी आता तोच तो आकडा बघून नाक मुरडायला लागला. बाईंचा करार संपायला आला होता. त्या वेळी एक नवी गोष्ट स्टुडिओत आली होती, गिरणीच्या गावातली एक आई, तिची वीस वर्षांची मुलगी. बाईंनी ती वाचली आणि आईचं काम मागितलं. सव्वीस सिनेमांत ज्यांनी कधी आईचं काम केलं नाही, त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितलं. लॉब म्हणाला, बघू, आधी स्क्रीन टेस्ट द्या, एक प्रसंग कॅमेऱ्यापुढे करून दाखवा.

बाहेरच्याला यात काय मोठं, असं वाटेल. पण स्क्रीन टेस्ट देतात ती बसमधून कालच उतरलेली पोरं. सव्वीस सिनेमांच्या नटीला टेस्ट मागायची म्हणजे नव्या नोकराला घेताना हात उघडून दाखव म्हणतात, त्यातली गत. सगळ्या स्टुडिओला कळलं, की लॉबला बाई नकोशा झाल्यात. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची कोणी नटी त्याने हेरून ठेवलीय, अशीही कुजबुज होती. बाई टेस्टला नाही म्हणणार, तणतणत निघून जाणार, आणि लॉबचं काम आपोआप होणार, असा सगळ्यांचा हिशेब. निरोप घेऊन आलेल्या माणसाला बाईंनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

टेस्ट गुरुवारी सकाळी दहाला होती. कॅमेऱ्यावर वॉलेस गिडिंग्ज, तिशीचा, लष्कराच्या चित्रफिती काढून आलेला, हाताला भलताच चपळ. प्रसंग असा होता, की आई मालकिणीच्या मेजवानीहून उसना लांब झगा घालून घरी येते, आणि मुलगी तिला सांगते, मी आज घर सोडतेय. लॉबने बजावलं होतं, की एकच टेक, दिवे एकदाच लागतील, टेस्टवर अख्खा दिवस घालवायचा नाही. बर्निस साडेआठला खुणेवर गेली, झगा सारखा केला आणि आत दोन्ही पाय बुटांतून सोडवून घेतले. सहा वर्षांची सवय, आणि ऑटो गेल्यानंतर ती पहिल्यांदाच खुणेवर उभी होती. तिने विचारही केला नाही. गिडिंग्जने तिच्या चेहऱ्यावर दिवा बांधला, फळी लावली आणि तासाभरात "झालं" म्हणाला.

बाई आल्या. लॉब स्वतः येऊन कॅमेऱ्याशेजारी चिरूट पेटवून बसला होता. बाई खुणेवर उभ्या राहिल्या, गिडिंग्जने हात वर केला, कॅमेरा सुरू झाला, आणि त्या क्षणी बर्निसला कळलं की शिडी कोणीच चढलेलं नाही.

सगळा उजेड बाईंच्या गळ्यावर पडला होता. ज्या गळ्याला ऑटोने कधी दिव्याचा स्पर्श होऊ दिला नाही, तो गळा, त्यावरच्या सगळ्या रेघांसकट, लख्ख. कपाळ आणि डोळे फळीच्या सावलीत. जगाने ज्या डोळ्यांसाठी तिकिटं काढली, ते दिसतच नव्हते. बर्निसने तोंड उघडलं, आणि मिटलं. कॅमेरा चालू असताना सेटवर कोणी खोकतसुद्धा नाही, हे खरं. पण खरं म्हणजे ती घाबरली. बोललं की विचारणार, उंची चुकली कशी?

बाईंनाही कळलं. ऊब गालाला नाही, गळ्याला लागत होती, हे त्यांना कळायला एक श्वास पुरला. बर्निसने त्यांना हलकेच मान खाली घालताना पाहिलं. मुलीचं काम करणारी पोर आपलं वाक्य बोलून गेली, "आई, मी चालले." बाईंनी लॉबच्या दिशेने एकदा पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरून वाकल्या, एक बूट काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही बूट हातात घेऊन सरळ उभ्या राहिल्या. तीन इंच खाली. चेहरा नेमका उजेडात आला.

त्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते बर्निसने सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्याच्या घरी हसून आलेली, पाय सुजलेली, पोरगी हातची चाललेली एक बाई तिथे उभी होती, आणि तरीही तिच्यावरून नजर हलवावीशी वाटत नव्हती. "जेवून तरी जा," एवढंच त्या पोरीला म्हणाल्या. कागदावरचं वाक्य चांगलं लांबलचक होतं. लॉबचा चिरूट हातातच विझला.

शुक्रवारी दुपारपर्यंत स्टुडिओभर झालं. लॉबने रीळ दोनदा बघितलं आणि दुसऱ्यांदा बघताना नाक शिंकरलं. काम बाईंचं, शिवाय तीन वर्षांचा नवा करार. बूट काढायची ती करामत कोणाला सुचली, असं तो ज्याला त्याला विचारत होता. केशभूषेवाली एथिल बर्निसला मिठीच मारायला आली, की आता आपल्या दोघींच्याही नोकऱ्या पक्क्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसं झालं होतं. फक्त इथे तुटलेली फांदी बाईंच्या झोळीत पडली होती. बाईंनी उजेड ओळखला, तीन इंचांचं गणित केलं आणि आपल्याला वाचवलं, अशी बर्निसची समजूत. डोळे पुसत ती त्यांच्या खोलीकडे गेली.

बाई आरशाभोवतीचे फोटो काढून एका खोक्यात भरत होत्या. करार टेबलावर पडला होता, सहीची जागा कोरी.

"सही नाही करायची मी," बाई म्हणाल्या. "सोमवारी जाऊन त्याच्या तोंडावर फेकणार आहे."

बर्निसला काही उमगेना. बाई शांतपणे फोटोंच्या टाचण्या काढत बोलत राहिल्या. वीस वर्षं त्या लॉबला ओळखतात, पण तो इतका खाली उतरेल असं वाटलं नव्हतं. टेस्ट माग, हाकलून दे, सगळं चालेल. पण मुद्दाम गळ्यावर दिवा लावायचा? गिडिंग्ज नवा पोरगा, मालकाने सांगितल्याशिवाय त्याची हिंमत होणार नाही. म्हाताऱ्या गाईचे दात बाजारात उघडून दाखवतात, तसा त्यांचा गळा उघडून दाखवला. ऊब गळ्याला लागली तेव्हाच त्यांना कळलं, की सगळं संपलंय.

"म्हणून बूट काढले मी. यांनी मला बूट दिले, नाव दिलं, भुवया दिल्या. म्हटलं, घ्या तुमचे बूट. अनवाणी आले होते, अनवाणी जाते. पुढे चेहरा उजेडात आला, ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी निरोप घेत होते, बर्नी, आणि तो मूर्ख त्याला अभिनय म्हणतोय."

बर्निस दाराला टेकून उभी होती. गप्प बसली असती, तर तिचं गुपित तिच्यापाशी राहिलं असतं, आणि लॉबने न केलेल्या पापाची शिक्षा त्याला देताना बाई स्वतःच स्टुडिओच्या बाहेर पडल्या असत्या. सांगितलं असतं, तर बाई राहिल्या असत्या आणि बर्निस गेली असती. तिने फार वेळ घेतला असं नाही. ती खाली स्टुलावर बसली, बूट काढले, मोजे काढले आणि पाय पुढे केले. दोन्ही अंगठे बाजूला वाकलेले, बुडाशी सुपारीएवढी हाडं.

"दिवा लॉबने नाही लावला, बाई. मी लावला. मी अनवाणी उभी होते."

मग सगळं सांगितलं, सहा वर्षांचं. ऑटोचं, शिडीचं, तीन इंचांचं. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा कसा कसा बदलत गेला, ते बर्निसने पाहिलं नाही, कारण ती आपल्या पायांकडेच बघत होती.

"म्हणजे ती प्रार्थना," बाई शेवटी म्हणाल्या, "तुझ्या हाडांसाठी होती?"

"हो, बाई."

"आणि मी सहा वर्षं रोज मान वर करून उभी. वाटायचं, म्हातारा जीव टाकतोय माझ्यावर."

बाई चिडल्या होत्या, यात शंका नको. सांगितलं का नाहीस, असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा आवाज चढला होता. बर्निस म्हणाली, की उंची हीच माझी नोकरी होती. बाईंनी हातातला फोटो खोक्यात टाकला. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला. बर्निसला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. मग थोडं रडल्याही.

"मी त्रेचाळीस वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "तू तीन इंच लपवलेस आणि मी सहा वर्षं. कोण कोणाला बोलणार?" आणि लेखणी उचलून त्यांनी सही केली. बर्निसला मात्र जा किंवा राहा, काहीच सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी शूटिंग सुरू झालं. पहिल्या दिवशी बर्निस साडेसातला सेटवर पोचली, तर दिवे आधीच लागत होते आणि खडूच्या खुणेवर कोणीतरी उभं होतं. नवी पोरगी आणली, न सांगता. जवळ गेल्यावर दिसलं, की बाई स्वतः उभ्या आहेत. सुती घरगुती झगा, पायात सपाट चपला. आपले दिवे लागेपर्यंत नटीने स्वतः उभं राहायचं, हे त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. शिडीवरचे दिवेवाले एकमेकांकडे बघत होते.

कॅमेऱ्याशेजारी एक रिकामी खुर्ची होती. बाईंनी मान न हलवता तिकडे बोट दाखवलं.

"बस तिथे. पाय वर घे हवं तर. मिस्टर गिडिंग्ज, ही बर्निस टोलिव्हर. सतरा वर्षं माझ्या उजेडात उभी राहिलीय. तो कुठे पडायला हवा, ते तुम्हाला ही सांगेल."

गिडिंग्जने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. बर्निस बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हा उजेड बाहेरून लागताना बघत होती. दिवा फिरला, थांबला, आणि ती खुर्चीतून पुढे वाकली.

"वर घ्या," ती म्हणाली. "गळ्यावरही पडतोय. तीन इंच वर घ्या."

दिवेवाला शिडी चढायला लागला.

"थांब," बाई म्हणाल्या. डोळे मिटलेले होते, ऊब कुठे लागतेय ते त्यांना कळत होतं. "बर्नी, ही गिरणीतली बाई आहे. वीस वर्षांची पोरगी आहे तिला. नीट बघ आणि मग सांग."

बर्निसने पाहिलं. गळ्यावर तीन रेघा होत्या, त्यातली एक खोल. ऑटोने ज्या सहा वर्षं झाकल्या, त्या आज बाईंनी सगळ्या दिवेवाल्यांसमोर उघड्या धरल्या होत्या, आणि तो चेहरा, त्या गळ्यासकट, तिने आजवर पाहिलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा देखणा होता.

"राहू द्या तिथेच," ती गिडिंग्जला म्हणाली. "आता बरोबर आहे."

दिवेवाल्याने दिवा तसाच घट्ट बांधला आणि तो खाली उतरला.